चाहत्यांना ट्रेलर कट करायला देताय? आधी खर्चाचा हिशेब बघा

तुमचा सिनेमा तयार आहे आणि प्रसिद्धीला पैसे उरलेले नाहीत. स्वतंत्र निर्मात्याकडे ते उरतच नाहीत. 'ख्वाडा'साठी भाऊराव कऱ्हाडेंना जमीन विकावी लागली होती. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं : दृश्यं चाहत्यांना वाटून टाका, पोरं आपापले ट्रेलर कट करतील, चारचौघांत टाकतील, फुकटात गाजावाजा होईल.

गाजावाजा होईलही, पण फुकटात होणार नाही. देवळाली कॅम्पात बसून अशी स्पर्धा नीट घ्यायची तर ४५ ते ५० हजार रुपये आणि आठ आठवडे हाताशी ठेवा. ट्रेलर सिनेमागृहात लावायचा असेल तर तो खर्च वेगळा. यातला मोठा वाटा जातो बक्षिसांवर आणि कागदांवर. बक्षिसं तुम्ही कमी करू शकता, कागद नाही. कागदांत काटकसर केलीत तर स्पर्धा गाजली की नेमकी तेव्हाच कोणाची तरी नोटीस येते.

दृश्यं तुमचीच आहेत ना?

एकही क्लिप बाहेर देण्याआधी हे तपासा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे सिनेमाचा पहिला मालक म्हणजे निर्माता. पण तुमच्या सिनेमाचा निर्माता नक्की कोण? तिघा मित्रांनी पैसे घातले, एकाच्या नावावर बँक खातं, दुसऱ्याचं नाव पोस्टरवर, आणि आपसात लेखी काहीच नाही, हे चित्र छोट्या सिनेमांत नेहमीचं. तिघांच्या सह्यांचा एक साधा करार आधी करून घ्या : स्पर्धा कोण घेणार, दृश्यं वापरायला कोण देणार, बक्षिसाचे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार. मुद्रांक कागद १०० रुपयांचा चालेल असं कोणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना किमान ५०० रुपयांचा लागतो. हक्क कोणाला कायमचे देताय का, रक्कम किती, यावर शुल्क वाढू शकतं. मसुदा वकिलाला दाखवूनच कागद घ्या.

मग कलाकार. त्यांच्या करारात 'प्रसिद्धीसाठी वापर' एवढं असतं. त्यात 'तिसऱ्या व्यक्तीने केलेल्या संकलनासह' हे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर प्रत्येकाकडून एका पानाचं संमतिपत्र घ्या. कारण चाहता तुमच्या गंभीर नायिकेचं वाक्य उचलून भलत्याच दृश्यावर चिकटवणार, आणि तिथे ती विनोदी दिसणार. कलाकाराला नुसती काटछाट झाली म्हणून तक्रार करता येत नाही, पण बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर कायद्यात त्याला दाद आहे. लेखकाला आणि संगीतकारालाही आहे. फोन करून आधी सांगितलंत तर बहुतेक जण हसून सही देतात. नंतर कळलं तर हसत नाहीत.

हे काल्पनिक भय नाही. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये संकलकांच्या संघटनेने अशीच स्पर्धा घेतली होती. रॉबर्ट रायँग नावाच्या साहाय्यक संकलकाने कुब्रिकचा 'द शायनिंग' घेतला आणि त्या भयपटाचा ट्रेलर असा कट केला की बघणाऱ्याला वाटावं हा बाप-मुलाच्या प्रेमाचा हलकाफुलका कौटुंबिक सिनेमा आहे. तो जिंकला, ट्रेलर जगभर फिरला. चाहत्यांच्या ट्रेलरची मजा असते ती अशीच, त्यामुळे 'सिनेमाचा बाज बदलू नये' असा नियम घालायचा असेल तर स्पर्धाच घेऊ नका. फक्त कलाकारांना आधी कल्पना द्या. आणि हेही लक्षात घ्या की त्या ट्रेलरवर गाणं पीटर गॅब्रिएलचं होतं. तुमचे स्पर्धकही कोणाचं तरी गाणं उचलणार आहेत.

संगीत : सगळ्यात महाग चूक इथे होते

गाणी तुम्ही एखाद्या म्युझिक कंपनीला विकली असतील तर ती आता तुमची राहिलेली नाहीत. सिनेमा तुमचा, गाणं तुमच्याच नायकावर चित्रित, तरी ते स्पर्धकांना द्यायच्या दृश्यांच्या किटमध्ये घालता येत नाही. कंपनीकडून स्पर्धेपुरती लेखी परवानगी मागा. ईमेलवर स्पष्ट 'हो' आलं तरी निदान हातात काहीतरी राहतं. परवानगी मिळाली तरी आणखी एक गोष्ट विचारून घ्या : यूट्यूबवर त्यांची स्वयंचलित ओळख-यंत्रणा लावलेली आहे का? असेल तर स्पर्धकाने ट्रेलर चढवताच त्यावर कंपनीचा दावा पडेल. दाव्याने चॅनेल बंद होत नाही, जाहिरातीचे पैसे मात्र कंपनीकडे वळतात किंवा व्हिडिओ अडतो. स्ट्राइक ही याहून गंभीर बाब. ९० दिवसांत तीन पडल्या तर चॅनेल जाऊ शकतं. एखाद्या कॉलेजच्या पोराचं चॅनेल तुमच्या स्पर्धेपायी गेलं तर त्याची भरपाई तुम्ही कशी देणार? म्हणून स्पर्धकांच्या चॅनेलची यादी कंपनीला आधी पाठवायची आणि त्यांना दाव्यातून वगळून घ्यायचं. याला पैसे लागत नाहीत, पाठपुरावा लागतो.

पार्श्वसंगीत ओळखीच्या संगीतकाराने कमी पैशांत करून दिलंय? करार काढा. करारच नसेल, नुसतं व्हॉट्सॲपवर 'हो दादा, वापरा' असेल, तर हक्क तुमच्याकडे आले असं धरू नका. हस्तांतराला सहीचा लेखी कागद लागतो. करार आहे पण त्यात मुदत लिहिलेली नाही? मग कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नाही? मग फक्त भारत. यूट्यूबवरचा ट्रेलर दुबईतही दिसतो आणि न्यू जर्सीतही. दोन ओळींची पुरवणी करून 'जगभर' आणि मुदत, दोन्ही घालून घ्या. एक मुद्रांक कागद, वकिलाचं अर्ध्या तासाचं काम.

अमेरिकेतल्या नीना पेली या चित्रकर्तीचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. 'सीता सिंग्स द ब्लूज' हा रामायणावरचा ॲनिमेशनपट तिने जवळजवळ एकटीने केला. १९२० च्या दशकातली जुनी गाणी वापरली. ध्वनिमुद्रणं मोकळी होती, पण गीत-संगीताचे हक्क शिल्लक होते. ते सोडवायला सुमारे ५० हजार डॉलर गेले, त्यासाठी तिला कर्ज काढावं लागलं. पुढे तिने सिनेमा लोकांना मोकळेपणाने वापरायला देऊन टाकला, पण आधी ते पैसे भरून. स्पेनच्या 'एल कॉस्मोनॉटा' या २०१३ च्या सिनेमानेही मुक्त परवान्याचा रस्ता धरला आणि चित्रीकरण लोकांसाठी खुलं केलं. तुम्हाला इतकं उदार व्हायची गरज नाही. पण उदार व्हायचं असेल तर स्वतःच्या मालकीच्या गोष्टींबाबत व्हा.

सोपा मार्ग : किटमध्ये तुमच्या हक्काचे तीन-चार संगीततुकडे द्या आणि नियमात लिहा की याखेरीज फक्त यूट्यूबच्या मोफत ऑडिओ लायब्ररीतलं संगीत चालेल, तेही त्या तुकड्याच्या अटी पाळून. 'रॉयल्टी फ्री' असं लिहिलेल्या कुठल्याही वेबसाइटवरचं नाही. तिथे बरेचदा 'व्यावसायिक वापराला शुल्क' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते, आणि सिनेमाचा ट्रेलर हा व्यावसायिक वापर आहे.

किट कसं बनवायचं

पूर्ण सिनेमा कोणालाही देऊ नका. पंधरा ते वीस मिनिटांची निवडक दृश्यं पुरे. शेवटच्या अर्ध्या तासातलं काहीही त्यात नको. सिनेमा महोत्सवाला पाठवला असेल तर त्यांच्या नियमात 'आधी किती भाग सार्वजनिक चालतो' ते वाचून घ्या.

आकाराचा विचार तुमच्या संकलकाच्या हार्ड डिस्कवरून करू नका, स्पर्धकाच्या मोबाइल पॅकवरून करा. त्याला दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो. १०८० रिझोल्यूशन आणि सेकंदाला ८ मेगाबिट हा दर ठेवला तर एका मिनिटाला ६० एमबी लागतात, वीस मिनिटांचे १.२ जीबी. एका दिवसाच्या पॅकमध्ये उतरतं. याच्या पुढे गेलात तर निम्मी पोरं डाउनलोड अर्धवट सोडतील.

आवाज वेगळा द्या : संवादांचा स्वच्छ ट्रॅक, पार्श्वसंगीत, आणि इफेक्ट्स. हे तीन वेगळे नसतील तर ट्रेलरला कापाकापी होताच संगीत मध्येच तुटतं आणि सगळ्या प्रवेशिका सारख्याच वाईट ऐकू येतात. साउंडवाल्याकडे वेगळे ट्रॅक असतातच, पण काम संपल्यावर मागितले की वेगळं बिल येतं. शेवटचा हप्ता देण्याआधी मागा. संकलक आणि साउंड मिळून किटच्या कामाला आठ हजार धरून ठेवा.

आता एक बारीक पण कामाची गोष्ट. जिंकलेला ट्रेलर तुम्हाला पुढे मूळ दर्जाच्या चित्रीकरणातून पुन्हा बांधायचा आहे. स्पर्धकाने तो मोबाइलवर कट केलेला असणार, त्याच्याकडे शॉटची यादी नसणार. मग तुमचा संकलक डोळ्यांनी शॉट जुळवत बसतो आणि दिवसाचे पैसे लावतो. हे टाळायला प्रत्येक क्लिपच्या फाइलच्या नावातच दृश्य आणि शॉटचा क्रमांक घाला, आणि किटसोबत एक वेगळी प्रत द्या जिच्या कोपऱ्यात टाइमकोड छापलेला असेल. प्रवेशिकेसोबत स्पर्धकाने एवढंच लिहून द्यायचं : कोणता शॉट, कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत. पाच मिनिटांचं काम, पण तुमचे चार हजार वाचतात.

फाइल ठेवायला गूगल ड्राइव्हची मोफत १५ जीबी जागा पुरेशी वाटेल. पुरते, पण एकाच फाइलवर एका दिवसात फार जण तुटून पडले की गूगल चोवीस तासांसाठी डाउनलोड अडवतं. स्पर्धा जाहीर केली त्याच संध्याकाळी हे होतं. किटच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या खात्यांवर ठेवा. वाढीव जागा महिन्याला साधारण १३० रुपयांत मिळते. शिवाय चार पेनड्राइव्ह भरून ठेवा. लॅम रोडला किंवा संसरी नाक्याला राहणाऱ्या मुलाने जीबी जाळण्यापेक्षा येऊन कॉपी करून नेलेलं बरं.

सॉफ्टवेअरसाठी स्पर्धकाला खर्च पडता कामा नये. संगणक असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, किंवा शॉटकट, केडेनलाइव्ह. मोबाइलवर काइनमास्टरसारखी मोफत ॲप चालतात, पण ती आपला शिक्का चित्रावर उमटवतात. 'शिक्का असला तरी प्रवेशिका चालेल' असं नियमात ठळक लिहा, नाहीतर मुलं शिक्का काढायला महिन्याची वर्गणी भरतात किंवा चोरीची आवृत्ती उतरवतात, आणि तिच्यासोबत व्हायरसही.

नियमांचं एक पान

एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. कॅम्पात गुजराती, सिंधी, पंजाबी घरं भरपूर आहेत, फौजी कुटुंबं देशभरातली; हिंदीतही एक प्रत काढा.

प्रवेश शुल्क घेऊ नका, दहा रुपयेसुद्धा. चिठ्ठी टाकून विजेता काढू नका. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी झाली. सिनेमाच्या तिकिटाशीही स्पर्धा जोडू नका. 'तिकीट घ्या, फोटो पाठवा, मगच प्रवेशिका' हे आकर्षक वाटतं, पण विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथेत येऊ शकते. बक्षीस-योजनेचा निकाल दडवून ठेवणं हेही त्यातच. निकालाची तारीख लिहा आणि त्या तारखेला निकाल लावा. परीक्षक कोण, गुण कशाला, हेही त्याच पानावर. लाइक मोजून विजेता ठरवणार असाल तर तो विचार सोडा. लाइक विकत मिळतात आणि ते कुठून घ्यायचे हे स्पर्धकांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

वय. १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार टिकत नाही. बार्न्स शाळेच्या दहावीतल्या मुलीने भन्नाट ट्रेलर केला तरी पालकाची सही नसेल तर तुम्हाला तो वापरता येणार नाही. अर्जात पालकाच्या सहीची जागा ठेवाच. आणि अर्जात नाव, वय, फोन, ईमेल यापलीकडे काही मागू नका. आधार कार्डाची प्रत तर नकोच. ती सांभाळायची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते आणि उपयोग शून्य. पॅन फक्त विजेत्याचं, तेही निकालानंतर.

मालकीबद्दल थोडं स्वच्छ वागा. 'सर्व प्रवेशिका निर्मात्याच्या मालकीच्या होतील' हे वाक्य सगळेच एकमेकांचं बघून लिहितात. त्याची गरज नाही, आणि हरलेल्या शंभर जणांचं काम फुकटात खिशात घालणं शोभतही नाही. सगळ्यांकडून फक्त दाखवायची परवानगी घ्या, नावाचा उल्लेख करून. स्पर्धकाला ट्रेलर स्वतःच्या चॅनेलवर आणि नोकरीच्या अर्जात दाखवायची मुभा द्या. पूर्ण हक्क फक्त विजेत्याकडून, बक्षिसाचे पैसे दिल्यावर, मुद्रांक कागदावर.

एआयबद्दल दोन ओळी हव्यातच : कलाकारांचा आवाज किंवा चेहरा एआयने बनवायचा नाही, नकाशा, अक्षरं, पार्श्वभूमी यांसाठी वापरलं तर सांगायचं.

लांबी ६० ते १२० सेकंद. शेवटी श्रेयनामावलीची तुमची पाटी लावणं सक्तीचं.

बक्षीस आणि कर

पहिलं बक्षीस १०,००० रुपयांच्या वर नेऊ नका, निदान मुद्दाम विचार केल्याशिवाय नको. त्याच्या वर गेलात की जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापायचा प्रश्न उभा राहतो. कौशल्याच्या स्पर्धेला ही तरतूद लागते की नाही यावर सीएंची मतं वेगळी असतात, बहुतेक सावधगिरीने कापायलाच सांगतात. कापायचा म्हणजे तुमच्याकडे टॅन क्रमांक हवा. त्याचं शुल्क अवघं ७७ रुपये, पण मग दर तिमाहीचं विवरणपत्र आलं आणि ते भरणाऱ्याची फी आली. २५ हजारांचं बक्षीस जाहीर करून विजेत्याच्या हातात साडेसतरा हजार ठेवले तर तो तुम्हाला चोर समजेल. 'कर वजा जाता' हे शब्द तरी जाहिरातीत हवेत.

वस्तूचं बक्षीस देऊन हे टळतं असं समजू नका. फोन दिलात तर त्याच्या किमतीवरचा कर भरल्याची खात्री करूनच फोन हातात द्यायचा असतो.

१०,००० चं पहिलं, ५,००० चं दुसरं, आणि हजार-हजाराची तीन उत्तेजनार्थ, एकूण १८,०००. एवढं बास. पैसे बँकेतून द्या, रोख नको.

कुठे दाखवायचं

इंटरनेटवर ट्रेलर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. सिनेमागृहात लागतं, आणि ते प्रत्येक ट्रेलरला वेगळं. सिनेमाला प्रमाणपत्र मिळालंय म्हणून ट्रेलरला आपोआप मिळत नाही. दहा चाहत्यांचे दहा ट्रेलर पडद्यावर आणायचे म्हणजे दहा अर्ज, दहा शुल्कं. म्हणून पडद्यासाठी एकच निवडा.

अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन होतो. त्यासाठी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जायचं कारण नाही. शुल्क पैसे भरण्याआधी पोर्टलवरच दिसतं. लागणारे कागद : निर्मात्याची ओळख, सिनेमाच्या नावाच्या नोंदणीचं पत्र, ट्रेलरमधल्या संवादांची लिखित प्रत. ट्रेलरमध्ये बैल, कुत्रा, घोडा काहीही दिसत असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा कागदही लागतो. सिगारेट दिसली तर इशाऱ्याची पट्टी. यावर उपाय किट बनवतानाच करा : प्राण्यांचे आणि सिगारेटचे शॉट त्यात घालूच नका. दलालाची गरज नाही. 'आठवड्यात काढून देतो' म्हणणारा तुमच्यासारखाच पोर्टलवर अर्ज भरतो आणि घाईचे पैसे वर घेतो. तीन-चार आठवडे हाताशी ठेवलेत की घाई उरत नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमागृहासाठी डीसीपी प्रत लागते आणि क्यूब, यूएफओसारख्या कंपन्यांमार्फत ती पडद्यापर्यंत जाते. दर लेखी मागा. 'प्रति पडदा' की 'प्रति आठवडा', आणि जीएसटी धरून की वगळून, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

बक्षीस समारंभात सगळे ट्रेलर हॉलच्या पडद्यावर दाखवायचा मोह होतो. लोकांना खुला कार्यक्रम म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, आणि विनाप्रमाणपत्र प्रदर्शन हा गुन्हा आहे. निमंत्रितांपुरता, विनातिकीट, दारावर यादी ठेवून छोटा कार्यक्रम करा. आणि तोही वकिलाला विचारून. त्याहून सोपं म्हणजे ट्रेलर ऑनलाइन ठेवा आणि हॉलमध्ये फक्त विजेत्याचा सत्कार करा.

कॅम्पातली खास पथ्यं

हा भाग दुसऱ्या गावच्या निर्मात्याला लागणार नाही, तुम्हाला लागेल. स्पर्धकांना वाटतं, दोन-चार शॉट आपण स्वतः घेऊन घालावेत. कॅम्प दिसायला सुंदर आहे : जुने बंगले, झाडांचे रस्ते, टेम्पल हिल. पण हे छावणीचं गाव आहे. तोफखान्याची शाळा इथे, फायरिंग रेंज इथे, गांधीनगरच्या धावपट्टीवरून लष्करी हेलिकॉप्टरं इथूनच जातात. लष्करी गेट, कुंपण, वाहनं, जवान यांचं चित्रीकरण विनापरवाना करायचं नाही. ड्रोनचा तर विषयच काढू नका. नियमात एक ओळ : 'किटबाहेरचं चित्रीकरण स्वीकारलं जाणार नाही.' याने स्पर्धकही वाचतो आणि तुम्हीही. देवळाली स्टेशनवरचा शॉटही याच ओळीत अडतो. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची वेगळी परवानगी आणि वेगळं शुल्क असतं.

तुमच्याच सिनेमात फौजी पात्र असेल, आणि कॅम्पातल्या गोष्टीत ते असणारच, तर आणखी एक कागद. लष्करी विषयाच्या सिनेमांसाठी संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं, असं मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं. ते पत्र हातात येईपर्यंत गणवेशातली दृश्यं किटमध्ये नकोत.

बॅनर लावायचा तर छावणी परिषदेची परवानगी आणि शुल्क. परवानगीशिवाय लावला तर उतरवतात आणि दंडही होऊ शकतो. आनंद रोडच्या मैदानावर किंवा उघड्यावर काही करायचं तर जागेसाठी छावणी परिषद आणि लाउडस्पीकरसाठी देवळाली कॅम्प पोलीस ठाणे, दोन्हीकडे लेखी अर्ज. रात्री १० ला आवाज बंद. खरं सांगायचं तर बॅनरची गरजच नाही. एसव्हीकेटी कॉलेजच्या सूचनाफलकावर प्राचार्यांच्या परवानगीने एक कागद, भगूर आणि नाशिकरोडच्या कॉलेजांत एकेक, आणि छापील कागदावर क्यूआर कोड. झेरॉक्सचा खर्च तेवढा.

पैसे कुठे गळतात

जाहिरातीला पाच हजार ठेवलेत तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ५,९००. आयफोनच्या ॲपमधून पोस्ट बूस्ट केली तर ॲपलचंही सेवाशुल्क वर लागू शकतं, ब्राउझरमधून करा.

'स्पर्धा मॅनेज करून देतो, पाचशे प्रवेशिका आणि लाखभर व्ह्यूजची हमी' असं पॅकेज घेऊन कोणी आला तर चहा पाजून पाठवा. हमीचे व्ह्यूज यंत्राने आलेले असतात, आणि ते यूट्यूबने उडवले की तुमच्या चॅनेलची पत जाते. परीक्षक म्हणून नट आणून देतो, मानधन नाही फक्त 'प्रवासखर्च', हेही तसंच. प्रवासखर्चात गाडी, हॉटेल, सोबतची दोन माणसं येतात.

आणखी एक प्रकार : तुमच्या सिनेमाच्या नावाने कोणीतरी व्हॉट्सॲप गट काढतं आणि मुलांकडून 'नोंदणी'चे ९९ रुपये यूपीआयवर घेतं. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळीकडे लिहा की शुल्क नाही आणि अधिकृत पत्ता हाच. असा प्रकार कळला तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायला मुलांना सांगा.

तुम्ही स्पर्धक असाल तर एवढं बघा : शुल्क मागतात का, सगळे हक्क मागतात का, निकालाची तारीख आहे का, आणि दिलेलं संगीत वापरायची लेखी परवानगी आहे का. पहिल्या दोहोंचं उत्तर 'हो' किंवा नंतरच्या दोहोंचं 'नाही' असेल तर तुमच्या रात्री दुसऱ्या कामाला द्या.

हिशेब आणि वेळ

वकील १०,०००, सहा मुद्रांक कागद ३,०००, किट ८,०००, साठवण ४००, बक्षिसं १८,०००, जाहिरात ५,९००. बेरीज ४५,३००. पेनड्राइव्ह, झेरॉक्स, चहापाणी धरून ५० हजारांत बसतं. वकिलाचा आणि संकलकाचा आकडा ओळखीप्रमाणे खाली-वर होईल. दोघांकडूनही काम सुरू होण्याआधी लेखी दर घ्या. कलाकारांचे, संगीतकाराचे करार आधीच नीट असतील तर सात-आठ हजार वाचतात.

पहिले दोन आठवडे फक्त सह्या. तिसऱ्यात किट, आणि ते दोघा अनोळखी मुलांना देऊन बघणं. ज्या फाइल त्यांच्या फोनवर उघडत नाहीत त्या तेव्हाच कळतात. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला घोषणा. स्पर्धकांना तीन आठवडे द्या, त्यात दोन शनिवार-रविवार पूर्ण मोकळे हवेत. परीक्षा आणि गणपती टाळा. सातव्यात परीक्षण, आठव्यात निकाल. सिनेमागृहाचा बेत असेल तर त्यानंतरचे तीन-चार आठवडे सेन्सॉरचे, म्हणजे प्रदर्शनाच्या तारखेआधी तीन महिने हे सगळं सुरू व्हायला हवं.

निकालाच्या दिवशी किटची लिंक बंद करा आणि हरलेल्या सगळ्यांना एक ईमेल पाठवा : निकाल काय, तुमचा ट्रेलर कुठे दिसेल, नाव कसं लिहिलंय ते तपासा. विजेत्याच्या हक्कपत्रावर सही आणि बँकेत पैसे एकाच दिवशी होऊ द्या. कर कापला असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत सरकारकडे भरा आणि कापल्याचं प्रमाणपत्र विजेत्याला न मागता पाठवा. त्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी या रकमेवरचा ३० टक्के दर सुटत नाही, आणि विवरणपत्रात दाखवायला त्याला ते लागेलच.